राष्ट्राध्यक्षांच्या हातात नसलेली माफी

मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातल्या आमच्या घरात अमेरिकेच्या राज्यघटनेवर जेवढी चर्चा झाली, तेवढी तिकडच्या एखाद्या कॉलेजातही झाली नसेल. अध्यक्षस्थानी माझी आई. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पुण्यातल्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेली, आणि हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद करून टाकलेली. मांडीवर मेथीची जुडी घेऊन ती सोफ्याच्या कोपऱ्यात बसायची आणि टीव्हीवरच्या बातम्यांना मोठ्याने उलट प्रश्न विचारायची. उत्तरं देण्याची जबाबदारी माझ्यावर आणि बारावीत लीगल स्टडीज घेतलेल्या माझ्या मुलीवर.

याला कारण होता माझा मोठा भाऊ. तो अमेरिकेत असतो. त्याची बायको तिथलीच, दोन मुलंही तिथेच जन्मलेली. पाच-सहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या पार्टीत दारू पिऊन तो गाडी चालवत घरी निघाला आणि वाटेत रस्ता ओलांडणाऱ्या एका माणसाला त्याने उडवलं. थांबला नाही. सरळ घरी आला. कुत्रा फिरवायला निघालेल्या एका बाईंना तो माणूस पडलेला दिसला म्हणून वाचला, पण त्याचा एक पाय कायमचा अधू झाला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी भावाला घरून नेलं. त्याने गुन्हा कबूल केला, काही महिने तुरुंगात काढले, प्रोबेशन संपवलं, दारू सोडली. आम्हाला वाटलं, भोगायचं ते भोगून झालं.

पण तो अमेरिकेचा नागरिक झाला नव्हता. ग्रीन कार्डावर होता. भाड्याच्या घरात आपण कितीही वर्षं राहिलो, खिडक्यांना पडदे शिवले, तरी घर मालकाचंच असतं, तसंच हे. कॅनडातल्या एका कॉन्फरन्सहून परत येताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याला त्याचा जुना गुन्हा स्क्रीनवर दिसला, आणि दोन महिन्यांत त्याला भारतात परत का पाठवू नये याची केस उभी राहिली. केस हरला तर बायको-मुलं तिकडे आणि तो पुण्यात, बहुधा कायमचा. केस चालू असेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, त्यामुळे आईला भेटायला मेलबर्नला येणंही बंद. आई तिकडे जाऊ शकत नव्हती. दोघंही आपापल्या जागी अडकले होते.

भावाची वकील एक तडफदार बाई होती. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिने सांगून टाकलं, की केसमध्ये लढण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, कारण गुन्हा कबूल केलेला आहे. एकच रस्ता आहे. माफी. पूर्ण आणि बिनशर्त माफी मिळाली, तर या प्रकारच्या गुन्ह्यासाठी देशाबाहेर काढता येत नाही.

आईने हे ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. कारण नेमक्या त्याच दिवसांत टीव्हीवर माफ्यांचा पाऊस पडत होता. जाणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनी जाता जाता स्वतःच्या मुलाला माफ केलं. नवे आले, त्यांनी आल्या दिवशीच संसदेवर चालून गेलेल्या हजाराहून जास्त लोकांना माफ केलं. टेबलावर फायली, हातात जाड काळं पेन, एवढी मोठी सही, आणि ती सही कॅमेऱ्याला दाखवायची.

"याला सांगा ना कोणीतरी," आई म्हणाली. "एवढ्या सह्या करतोय, त्यात अजून एक."

"आजी, ही कान्ट," माझी मुलगी म्हणाली. "मामाचा स्टेट ऑफेन्स आहे. प्रेसिडेंट ओन्ली डझ फेडरल."

"म्हणजे काय?"

मग मी समजावलं. अमेरिकेत काही गुन्हे अख्ख्या देशाच्या कायद्याखाली येतात आणि काही एकेका राज्याच्या. राष्ट्राध्यक्ष फक्त पहिल्या प्रकारचे माफ करू शकतात. गाडीने माणसाला उडवून निघून जाणं हा राज्याचा गुन्हा. तो माफ करायचा अधिकार राज्याच्या गव्हर्नरचा. आणि भावाच्या राज्यात तर गव्हर्नरही आपल्या मनाने सही करत नाही, आधी एक बोर्ड सगळ्यांचं म्हणणं ऐकतं आणि मग शिफारस करतं.

आईने मेथीची पानं खुडता खुडता विचार केला. "पण देशाबाहेर कोण काढतंय? राष्ट्राध्यक्षाची माणसं ना?"

"हो."

"आणि गव्हर्नरने माफ केलं तर राष्ट्राध्यक्षाच्या माणसांना ऐकावं लागेल?"

"या एका बाबतीत, हो."

"पण राष्ट्राध्यक्षाला स्वतःला ते माफ करता येत नाही."

"नाही."

"काय विचित्र कारभार आहे," ती म्हणाली. पण मला दिसलं की ते तिला आवडलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या हाताला कुठेतरी कुंपण आहे, हे ऐकून तिच्यातली भूगोलाची बाई खूश झाली असणार. सीमा कुठे आहे हे तिला नेहमी माहीत असायला हवं असतं.

आमच्या नातेवाईकांना मात्र कसलंच कुंपण नव्हतं. पुण्याच्या काकांनी थेट राष्ट्राध्यक्षांच्या नावे निवेदनाचा मसुदा करून फॅमिली ग्रुपवर टाकला, "आपण थोर लोकशाहीचे कर्णधार" अशी सुरुवात करून. एका चुलत भावाच्या मित्राच्या सासऱ्यांनी म्हणे कुठल्याशा सभेत त्यांच्याशी हात मिळवला होता, तर तिकडून शब्द टाकता येईल. मी लिहिलं, की शब्द टाकून उपयोग नाही, त्यांना अधिकारच नाही. त्यावर काकांनी लिहिलं, "मोठ्या माणसाने मनात आणलं तर सगळं होतं." मी फोन उलटा करून ठेवला आणि कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात निघून गेले. तापट स्वभाव माझा, त्याला मी तरी काय करणार.

मी वेरिबीच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. इथे शिकायला आले तेव्हाच्या पिझ्झाच्या दुकानातल्या शिफ्टपासून आजपर्यंत माझ्या आयुष्यातले बरेचसे मोठे प्रश्न टी-रूममध्येच बोलून झालेत. तिथे एका सहकाऱ्याने, जन्माने इथल्याच, बातम्या बघून मान हलवली. "किंग्ज स्टफ, मेट," तो म्हणाला. "इथे असलं पेपरात येतं का कधी? आपल्याकडे पण आहे म्हणे ही पॉवर, गव्हर्नर-जनरलकडे, पण ती कोणी वापरताना मी तरी पाहिली नाही. एका माणसाच्या मूडवर सुटायचं की अडकायचं? नो थँक्स." मला त्याचं पटत होतं. आणि तरी मी मनात म्हणत होते, असा एक मूड आमच्या वाट्याला येऊ दे, मी त्या माणसाच्या पाया पडेन. माफी दुसऱ्याला मिळते तेव्हा ती मर्जी वाटते आणि आपल्या माणसाला मिळते तेव्हा न्याय. हे मी त्या टी-रूममध्ये, हातातला चहा गार होईपर्यंत, स्वतःशीच कबूल केलं.

वकिलीणबाईंनी आता एक काम दिलं. बोर्डाला भावाबद्दल माहिती देणारी पत्रं हवी होती. तो कसा माणूस आहे, त्या घटनेनंतर कसा वागला. झालं, आमच्या लोकांना असलं काम दिलं की बघायलाच नको. पुण्याहून, मुंबईहून, ट्रुगानिनातल्या आमच्या मराठी मंडळातून पत्रांचा ढीग आला. मी एकही न वाचता, कौतुकाने, सगळी पुढे पाठवून दिली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात एरवीची तडफ नव्हती, थकवा होता.

"तुम्ही हे वाचलंत का?" तिने विचारलं. "एक म्हणतो, अशा सुसंस्कृत घरातला मुलगा असं करूच शकत नाही. एक म्हणते, त्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही. आणि निम्म्या लोकांनी लिहिलंय की गाडीचे ब्रेक फेल झाले होते. कसले ब्रेक? त्याने स्वतः कोर्टात सांगितलंय की तो प्यायला होता आणि निघून गेला. त्याने केलं का, हे बोर्ड विचारत नाही. ते कोर्टात होऊन गेलं. आपण काय केलं ते त्याला कळलंय का, एवढंच बोर्डाला बघायचंय. निर्दोष माणसाला कोणी माफ करत नाही. ही पत्रं गेली तर आपण हरलो."

मी माफी मागितली आणि फोन ठेवला. ब्रेक कुठून आले हे मला पक्कं माहीत होतं. ते माझ्या आईने फेल केले होते.

भावाने तुरुंगात जायच्या आधी तिला फोनवर सगळं खरं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगितलं, ब्रेक फेल झाले हो, बिचाऱ्याचं नशीब. पुढे हीच गोष्ट पुण्यात पसरली, इकडे आली, प्रत्येक हळदीकुंकवात, प्रत्येक गणपतीत सांगितली गेली. घरातली गोष्ट झाकायची आपली सवयच आहे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. उलट झाकलं नाही तर लोक म्हणतात, काय ही बाई, मुलाची बदनामी करते. लोकांनी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांना सांगितलेलं खरं मानून प्रेमाने लिहिलं होतं.

मी आईला सगळं सांगितलं. तिने मेथी बाजूला ठेवली, उठली, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. मला तिचा राग आला होता, आणि राग आल्याबद्दल वाईटही वाटत होतं. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "हळदीकुंकू कधी आहे आपल्याकडे?"

संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही रथसप्तमीच्या सुमारास गॅरेजमध्ये करतो. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे इथला कडक उन्हाळा, त्या दिवशी पारा चाळिशीच्या आसपास होता. गाड्या रस्त्यावर काढल्या होत्या, दोन मोठे पंखे लावले होते, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. काळ्या साड्या नेसून घामाघूम झालेल्या आमच्या मैत्रिणी: नर्स, आयटीतल्या, एक बसड्रायव्हर, एक नुकतीच पुण्याहून लग्न होऊन आलेली. वाण म्हणून मी स्टीलचे डबे आणले होते. हळदीकुंकू लावून झालं, तिळगूळ वाटून झाला आणि सगळ्या निघायच्या बेतात होत्या, तेवढ्यात आई खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"जरा बसा," ती म्हणाली. "आज गोड बोलायचा दिवस आहे, पण मला दुसरं बोलायचंय."

सगळ्या बसल्या. मला वाटलं ती पत्रांबद्दल आभार मानणार.

"तुम्ही सगळ्यांनी माझ्या मुलासाठी लिहिलंत. तुमचे उपकार आहेत. पण तुम्ही लिहिलंत ते मी सांगितलं म्हणून, आणि मी खोटं सांगितलं. ब्रेक चांगले होते. तो दारू प्यायला होता. त्याने एका माणसाला उडवलं आणि तो पळून गेला. तो माणूस रस्त्यात पडून होता. माझ्या मुलाने हे केलं."

पंखे घरघरत होते. मला तिला धरावंसं वाटत होतं आणि मी वाणाचा डबा हातात धरून तशीच उभी होते. तेवढ्यात ती नवी मुलगी उठली, पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, आधी बसा. पाणी प्या." आमच्या बसड्रायव्हर मैत्रिणीने पदराने कपाळ पुसलं. "माझं पत्र फेकून दे," ती मला म्हणाली. "मी परत लिहिते. आता लिहायला खरंच काहीतरी आहे. जेलमधून आल्यावर त्याने दारू सोडलीय का? सोडली असेल तर ते लिहू? ते त्यांना चालेल?"

"तेच तर हवंय," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

त्या बायकांनी चार दिवसांत सगळं पुन्हा लिहून दिलं. एकीने लिहिलं, की तिला आधी खोटं सांगण्यात आलं होतं, आता खरं कळलंय, आणि खरं कळल्यावरही ती त्याच्या बाजूने उभी आहे. हे वाक्य वकिलीणबाईंना फार आवडलं. एक मैत्रीण मात्र त्यानंतर आमच्याकडे यायची बंद झाली. तिच्या भावाला असाच कोणीतरी गाडीने उडवून गेला होता, हे मला खूप उशिरा कळलं. तिच्याबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. बाकीच्यांचे आभार कसे मानावेत हे मला अजून नीट सुचलेलं नाही. शनिवारी पुरणपोळ्या करून घरोघरी नेऊन दिल्या, तेवढंच.

पुण्याच्या काकांनी मात्र आईला फोन करून सुनावलं. "वहिनी, चारचौघांत काय गरज होती?" आई म्हणाली, "भावोजी, तुम्ही राष्ट्राध्यक्षांना लिहा, मी बोर्डाला सांगते," आणि फोन माझ्या हातात देऊन टाकला.

बोर्डासमोरची सुनावणी आमच्याकडच्या शरद ऋतूत आली. तिकडे आदल्या दिवसाची दुपार, इकडे सकाळ. आईने चांगली नारळी काठाची साडी नेसली आणि जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपसमोर ताठ बसली. कुटुंबातल्या एकाने दोन-चार मिनिटं बोललं तरी चालेल असं कळवलं होतं. भावाला वाटत होतं मी बोलावं, माझं इंग्रजी चांगलं म्हणून. आईने ते मोडून काढलं. ती मराठीत बोलेल आणि मी वाक्यागणिक इंग्रजीत सांगेन, असं ठरलं.

स्क्रीनवर एक साधी खोली दिसत होती. लांब टेबल, त्यामागे बोर्डाची माणसं, मधोमध पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. एका बाजूला माझा भाऊ आणि वहिनी. भावाचे केस पार पिकले होते. आणि दुसऱ्या बाजूला, एकटाच, पायाजवळ काठी टेकवून बसलेला एक माणूस. ज्याच्यावर गुन्हा झाला त्यालाही बोलवावं लागतं, त्याला विरोध करायचा हक्क असतो, हे आम्हाला सांगितलं होतं. तरी त्याला प्रत्यक्ष बघितल्यावर माझी नजर त्याच्या काठीवरून हलेना. त्याने विरोध केला तर सगळं संपणार होतं.

भाऊ बोलला. चांगला बोलला, काही झाकलं नाही. मग आईची पाळी आली.

"माझा मुलगा त्या दिवशी दारू प्यायला होता," ती म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं. "त्याने या गृहस्थांना गाडीने उडवलं." तेही सांगितलं. "आणि तो पळून गेला."

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, की तो थांबला नाही. कोर्टाच्या कागदात तसंच होतं, आणि तेवढंच माझ्या जिभेला जमलं. आईने माझ्याकडे बघितलं. इतकं इंग्रजी तिला येतं.

"नो," ती स्क्रीनकडे वळून म्हणाली. "ही रॅन. माय सन रॅन. अँड आय टोल्ड एव्हरीबडी नो." मग मराठीत, हळू: "मी आई आहे. मी त्याला घरी बोलावणार नाही, त्याचं घर तिकडे आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की त्याच्या मुलांचा बाप त्यांच्याजवळ राहू द्या." मी ते शब्दाला शब्द सांगितलं. तिने त्या काठीवाल्या माणसाला हात जोडले, आणि मान खाली घातली.

अध्यक्षबाईंनी त्या माणसाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. तो उठून उभा राहिला. उठायला वेळ लागला, काठी एकदा घसरली. भाऊ आधार द्यायला अर्धवट उठला आणि परत बसला.

तो म्हणाला, की त्याला त्या गाडीचे मागचे लाल दिवे आठवतात. ते लांब जात होते आणि त्याला वाटत होतं, आता थांबतील. पायाची तीन ऑपरेशनं झाली, छप्परं घालायचं त्याचं काम सुटलं. "कोर्टात या लोकांनी शंभर वेगवेगळे शब्द वापरले," तो म्हणाला. "तो पळाला हे त्यांच्यापैकी कोणी तोंडाने म्हटल्याचं मी आज पहिल्यांदा ऐकलं." मग म्हणाला, "मी त्याला माफ केलेलं नाही. करीन की नाही माहीत नाही, आणि ते मी कोणाला लागत नाही. पण त्याची मुलं पळाली नव्हती. त्याला देशाबाहेर काढा असं मी म्हणणार नाही. माझा विरोध नाही." आणि तो बसला.

मी कृतज्ञ आहे म्हणते तेव्हा पहिल्यांदा त्याचाच चेहरा माझ्यासमोर येतो. वर्तमानपत्रात माफीबद्दल बरंच छापून येतं, कोणी कोणाला दिली, का दिली, लायकी होती का. हक्क कोणाचा आणि कुठपर्यंत, यावर विद्वान वाद घालतात. पण त्या खोलीत मला दिसलं, की सरकार शिक्षा माफ करू शकतं, तुरुंग पुसू शकतं, विमानतळावरचा अडथळा काढू शकतं. त्या माणसाच्या वतीने मात्र ते काही माफ करू शकत नाही. तो हक्क त्याचाच होता, आणि त्याने तो स्वतःजवळ ठेवला, तरी आमच्यावर उगारला नाही. एवढा मोठेपणा मी टीव्हीवरच्या एकाही सहीत पाहिला नाही.

बोर्डाने शिफारस केली. गव्हर्नरची सही व्हायला पुढे बरेच आठवडे गेले. त्या काळात आईने बातम्या बघायचं सोडलं होतं आणि मी तिकडचा फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. ट्रुगानिनात कडाक्याची थंडी पडली होती. एका रविवारी सकाळी आम्ही हीटरजवळ चहा पीत होतो तेव्हा भावाचा व्हिडिओ कॉल आला, आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच आम्हाला कळलं. माझी मुलगी "मामा!" म्हणून किंचाळली. वहिनी मागे रडत हसत होती. मी देवाजवळ निरांजन लावलं, वकिलीणबाईंना मेसेज केला, बसड्रायव्हर मैत्रिणीला फोन करून ओरडून सांगितलं. आनंद म्हणतात तो हाच, असं मला वाटलं, आणि ते खरंही होतं.

सगळं थोडं शांत झाल्यावर आईने विचारलं, "मुलांना काय माहितीये?"

"तेच," भाऊ म्हणाला. "ब्रेक. लहान होती ना तेव्हा. आता कशाला, आई? झालं ना सगळं. आता कायद्याने काही उरलं नाही."

"कायद्याने," आई म्हणाली. "गव्हर्नरला तू सांगितलंस, बोर्डाला सांगितलंस. ज्यांच्यासाठी राहतोयस त्यांना सांग. मी आहे इथे, फोन बंद करू नको."

त्याने फोन समोर टेकवून ठेवला. मग मुलांना हाक मारली. मोठा येऊन सोफ्याच्या हातावर टेकला. नऊ वर्षांची धाकटी धावत आली आणि सवयीने त्याच्या मांडीवर बसली. भावाने त्यांना इंग्रजीत सांगितलं, छोट्या छोट्या वाक्यांत. दारू, गाडी, तो माणूस, आणि निघून जाणं. मोठ्या मुलाने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. धाकटी बापाच्या शर्टाचं बटण फिरवत होती.

"डिड यू गो बॅक?" तिने विचारलं.

"नो."

"डिड यू वाँट टू?"

मला वाटलं तो हो म्हणेल. कोणीही म्हणालं असतं.

"नो," माझा भाऊ म्हणाला. "नॉट दॅट नाईट. आय जस्ट वाँटेड टू बी होम."

धाकटी बटण फिरवायची थांबली. आम्ही इकडे तिघी हललो नाही, तिकडे वहिनीने तोंडावर हात धरला. कितीतरी वेळ धाकटी तशीच विचार करत बसली. तेवढा वेळ माझ्या मनात एकच गोष्ट चालली होती, की आता ही उठेल.

ती त्याच्या मांडीवरून उठली नाही.